आमच्या घराला रंग कोणी दिला

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या दोन्ही पायांना धाकट्या भावाचा नमस्कार, त्यातही डाव्या गुडघ्याला विशेष, कारण मागच्या खेपेला तो फार कुरकुरत होता. आता कसा आहे? शेकतेस ना रोज? की मला सांगायचं शेकते आणि करायचं काहीच नाही? दाजींच्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? (आलं नसेल तर हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. तुमच्या शेजाऱ्यांना आमच्या घरचं कळायला नको.) तुम्ही दोघं ठीक असाल असं धरून चालतो. मी ठीक नाही, आणि सध्या एकाच घराची काळजी करण्याइतकं बळ माझ्या अंगात उरलं आहे.

आता सांगतो ते उभ्यानं वाचू नकोस. खुर्चीत बस, चष्मा लाव. बसलीस? अक्का, आमच्या घराला रंग दिलेला आहे.

तू म्हणशील, भाऊ रंगारी, त्याच्या घराला रंग लागला तर त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे. अगं, मी दिलेला नाही. मी परगावी असताना माझ्या पाठीमागे, माझ्या घरात, माझ्या भिंतींना दुसऱ्या कोणाचा तरी हात लागला. दोन हात लागले. स्वयंपाकघरात तीन. मी अजून सावरलेलो नाही. आणि हे सगळं तुला लिहायचं कारण असं की माझी बायको तू निवडलीस. तेव्हा तू म्हणाली होतीस, शांत आहे, कामाची आहे, हिच्याबद्दल कधी तक्रार आली तर माझ्याकडे ये. आज आलो.

आमचं घर कसं होतं ते तुला आठवतंच. हॉलमधली समोरची भिंत बघून तू मागे म्हणाली होतीस की भिंतीला गोधडी काय म्हणून टांगली आहे. ती गोधडी नव्हती, तो माझा धंदा होता. मी कंपनीच्या रंगांच्या कार्डावर विश्वास ठेवत नाही. कागदावरचा रंग भिंतीवर गेला की वेगळाच बोलायला लागतो. म्हणून कोणाचंही काम आलं की रंग घरी कालवायचा, आपल्या हॉलच्या भिंतीवर तळहाताएवढा ठिपका द्यायचा, तो सकाळच्या उजेडात बघायचा, दुपारी बघायचा, दिवा लावून बघायचा, आणि मगच गिऱ्हाइकाकडे जायचं. या गावातल्या सगळ्या बऱ्या घरांचे रंग आधी आमच्या भिंतीवर जन्माला आलेत. घड्याळाखाली बँकेच्या साहेबांची झोपायची खोली. खिडकीच्या उजवीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना (तो हिरवा मी त्यांना नको म्हणत होतो, तरी घेतला, आता पेशंट आत पाऊल टाकण्याआधीच कळवळतात). मी कामावरून आलो की खुर्चीत बसून त्या भिंतीकडे बघायचो. माझं मन रमायचं. तुझ्या भावजयीचं रमत नसे. ती अधूनमधून म्हणायची, एकदा सगळ्याला एकच रंग द्या ना. मी म्हणायचो, हातातलं काम संपू दे, मग देऊ. यात माझं काय चुकलं तूच सांग. हातातलं काम संपलं की दुसरं हातात यायचं, आणि त्याचा ठिपका लावायला भिंत नको का?

तर मधे मला परगावी एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. खोल्या, जिने, जेवणघर, सगळं. मी आणि माझा जोडीदार शिडी असे दोघं गेलो. (शिडी हे त्याचं नाव नव्हे. तो उंच आहे, छताला हात पुरतो, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणतात, त्याची बायकोसुद्धा.) महिन्याच्या वर राहिलो. परत यायच्या आधी मी घरी काही कळवलं नाही. म्हटलं, अचानक जाऊन चकित करावं. झालं उलटंच.

जिना चढताना पहिल्यांदा नाकाला कळलं. रंगाचा वास. आता मला रंगाचा वास येणं म्हणजे काही बातमी नाही. पण आमच्या जिन्यात तो माझ्याबरोबरच चढतो, आणि मी तर महिनाभर परगावी होतो. वाटलं, माझ्या पिशवीतूनच येत असेल. पिशवी हुंगली. (वरून उतरणाऱ्या एका बाईंनी मला पिशवीत तोंड घालून उभा असलेला बघितलं आणि त्या भिंतीला चिकटून खाली गेल्या.) मग दार बघितलं. आमचं दार तपकिरी होतं, ठिकठिकाणी पोपडे आलेलं. हे दार गर्द निळं होतं, असं गुळगुळीत की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो चेहराही मला ओळखीचा वाटेना. घंटा वाजवली. दार उघडलं. आत सगळं पिवळं. फिकं, लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखं पिवळं. मी म्हटलं, माफ करा, चुकून आलो, आणि जिना उतरायला लागलो. मागून आवाज आला, "कुठं निघालात? ती पिशवी द्या इकडे." आवाजावरून मी बायको ओळखली.

आत आलो आणि पिशवीवरच बसलो. ठिपके गेले होते. बँकेचे साहेब गेले, दाताचे डॉक्टर गेले, सगळं गाव गेलं. सगळ्या भिंतीभर नुसता तो पिवळा शांतपणे बसलेला. तुझी भावजय समोर उभी राहिली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "कसा झालाय?" आता अशा वेळी माणूस काय बोलणार? माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, कोण? तिनं पुन्हा एकदा पदराला हात पुसले. मग म्हणाली, आहे एक जण, चहा टाकते. आणि आत गेली.

अक्का, तेव्हापासून आमच्या घरात कामापुरतंच बोलणं आहे. मीठ द्या, पाणी आलं, दार लावा, बस. पण तेव्हा माझं तिकडे लक्षच नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याहून मोठा दणका बसला. आमच्या वरच्या मजल्यावर वकीलबाई राहतात. त्यांनी गावाबाहेर बंगला घेतलाय, आणि त्याचा रंग माझ्याच हातून करायचा असं त्यांनी मला दोनदा तोंडानं सांगितलं होतं. एवढं मोठं काम माझ्या हाताला आजवर आलेलं नाही. जिन्यात भेटल्या. चेहरा हसरा. म्हणाल्या, तुमचं घर बघितलं, इतकं सुरेख काम मी कुठं बघितलं नाही, तेव्हा बंगल्याचं काम मी त्याच हाताला द्यायचं ठरवलंय, रंगसुद्धा तोच हवा, तो पिवळा. मी म्हटलं, आणि मी? त्या म्हणाल्या, तुम्हीही बरं करता. बरं! बरं म्हणे. मी विचारलं, हा माणूस कोण? तर म्हणाल्या, रविवारी मी चाव्या द्यायला तुमच्याकडेच येणार आहे, तेव्हा कळेल. आणि पर्स सावरत निघून गेल्या.

म्हणजे माझं घर गेलं, भिंत गेली, बंगला गेला. आणि कोणी नेलं ते सांगायला कोणी तयार नाही. मी घरी येऊन तुझ्या भावजयीला खोदून खोदून विचारलं. हा माणूस कधी यायचा? सगळं आवरलं की, ती म्हणाली. चहा? चहा इथंच व्हायचा. जेवण? तेही इथंच. मी घाबरत घाबरत विचारलं, आणि मुक्काम? तर शांतपणे म्हणाली, मुक्काम दुसरीकडे कुठं असणार. अक्का, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी माझा नेहमीचा कप काढून उजेडात धरून बघितला. काय बघत होतो ते मलाही माहीत नाही.

मग मी ठरवलं, माणूस सापडत नाही तर त्याच्या कामावरून त्याला शोधू. रंगारी कामात लपत नाही. तुला सांगतो, भिंत समोरून बघायची नसते. बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरायची. उजेड भिंतीवरून सरपटत गेला की सगळं उघडं पडतं, कुठं पुट्टी कमी, कुठं घासायचा आळस केला, कुठं ब्रश उचलला आणि विडी ओढायला गेला. मी खिडक्या लावून घेतल्या आणि भरदुपारी बॅटरी घेऊन घरभर गुडघ्यांवर फिरलो. इंच न् इंच तपासला. मला एक तरी चूक हवी होती गं. एक केस चिकटलेला, एक ओघळ, एक फुगवटा. नाही. विजेच्या बटणांवर एक थेंब नाही! (आम्ही इतक्या घरांत रंग दिला, बटणांवर थेंब पडणारच असं मी गिऱ्हाइकांना ठासून सांगत आलोय.) खिडकीच्या गजांची मागची बाजू रंगवलेली. फळीची खालची बाजू रंगवलेली. शेवटी मी खुर्चीवर चढलो आणि दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. दाराची वरची कड म्हणजे कोणालाही कधीही न दिसणारी जागा. तिला रंग लावायचा नसतो, हे आमच्यात सांगावंसुद्धा लागत नाही. बोट गुळगुळीत सरकलं. दोन हात दिलेले होते. मी त्या खुर्चीवर किती वेळ उभा होतो कोण जाणे. मला खरंच भीती वाटली. असा माणूस या गावात आला असेल तर माझं काय?

पण धीर धरला आणि डोकं चालवलं. बॅटरीत सगळीकडे एका ठरावीक उंचीवर रंगाची जोड दिसत होती, अगदी पुसट, माझ्यासारख्यालाच दिसेल अशी. म्हणजे माणूस बुटका, शिडी नाही, स्टुलावर उभा राहणारा. कोपऱ्यांत ब्रश डावीकडून फिरलेला, म्हणजे डावखुरा. खिडकीत विडीचं थोटूक नाही, कोपऱ्यात पिचकारी नाही, म्हणजे निर्व्यसनी. आणि दाराची वरची कड रंगवायला ज्याला सवड आहे त्याला घरसंसार नसणार. हे सगळं मी तुझ्या भावजयीला स्वयंपाकघरात जाऊन ऐकवलं. म्हटलं, तू सांगू नकोस, मीच सांगतो, तुझा तो माणूस बुटका आहे, डावखुरा आहे, व्यसन नाही, आणि एकटा जीव आहे. ती तेव्हा स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा डाव्या हातानं काढत होती. म्हणाली, बरोबर आहे, शेवटचं सोडून. मी छाती पुढे काढून बाहेर आलो. (आता हे लिहिताना मला कसंतरीच होतंय. पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.)

तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहतात. ते दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि त्यांच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही. त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडे परका पुरुष एकही चढला नाही, लिहून देतो. मग रंगाचे डबे कोणी वर नेले? डबेही गेले नाहीत, ते म्हणाले. मी चक्रावून गॅलरीत गेलो. तिथे ताडपत्रीखाली माझे उरलेले डबे असतात, कोणाचा पाव, कोणाचा अर्धा. टाकवत नाहीत म्हणून ठेवलेले. तुझी भावजय त्यांना माझी दुसरी बायको म्हणते. ताडपत्री उचलली. डबे होते, पण रिकामे. रिकामे, घासून पुसून लखलखीत, एकावर एक रचलेले. शेजारी तिची एक जुनी ओढणी वाळत घातलेली, तिच्यातून रंग गाळलेला स्पष्ट दिसत होता, साय काढायला. तेलातले वेगळे, पाण्यातले वेगळे, एकाचीही गल्लत नाही. म्हणजे त्या भामट्यानं माझाच रंग माझ्याच भिंतीला लावला आणि बंगला घेऊन गेला!

त्यात आणखी एक गोम होती. तो पिवळा कुठल्या कार्डावर नाही. मी दुकानातून झाडून सगळ्या कंपन्यांची कार्डं आणली, एकेक भिंतीला लावून बघितलं. एकही जुळेना. सकाळी वाटायचं हा असावा, दुपारी कळायचं हा नव्हे. उरलेल्या रंगांतून कालवलेला रंग तो, ज्यानं कालवला त्यालाच माहीत. मी म्हटलं, हरकत नाही, इतकी वर्षं रंगच कालवतोय. बाथरूमचं दार लावून घेतलं आणि मगात कालवायला बसलो. पहिला आजाऱ्यासारखा झाला. दुसरा त्याहून. तिसऱ्यांदा जरा जवळ आलो असं वाटेपर्यंत तुझी भावजय दार ढकलून आत आली, मगात बघितलं, म्हणाली, तांबडा किंचित कमी पडतोय, आणि बादली घेऊन निघून गेली. मी हादरलोच. म्हणजे त्यानं हिला रंगाची मापंसुद्धा सांगितली! माझ्या गुरूंनी मला पहिली कित्येक वर्षं घासकामापलीकडे काही सांगितलं नव्हतं, आणि हा येता-जाता आमच्या घरातल्या बायकांना मापं वाटत होता.

मग रविवार आला. मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि दारासमोर खुर्ची टाकून बसलो. काय बोलायचं ते पाठ केलेलं होतं. आधी अदबीनं बोलायचं, मग एकेक प्रश्न, मग दार दाखवायचं. घंटा वाजली. मी उठून दार उघडलं. वकीलबाई एकट्याच. मी त्यांच्या खांद्यावरून मागे जिन्यात बघायला लागलो, बुटका माणूस मागे राहिला असेल म्हणून जरा खालीही बघितलं. त्या मला ओलांडून आत गेल्या. मी जिन्यात बघतच होतो. मागे किल्ल्यांचा आवाज झाला म्हणून वळलो. वकीलबाईंनी बंगल्याच्या चाव्या तुझ्या भावजयीच्या हातात ठेवल्या. तिनं त्या डाव्या हातात घेतल्या.

अक्का, मला कळायला वेळ लागला. आधी वाटलं, ही त्याच्या वतीनं घेतेय. मग तिच्या नखांकडे लक्ष गेलं. मग कोपरावरच्या निळ्या डागाकडे, जो मी आठवडाभर बघत होतो आणि मार लागला असेल म्हणून मलमाची डबी पुढे करत होतो. मग स्टूल. मग फळीवरचा डबा. एकेक गोष्ट येऊन माझ्या डोक्यावर पडत होती आणि मी दाराला धरून उभा होतो. त्याच दाराला. वकीलबाई गेल्या. मी म्हटलं, तू? ती म्हणाली, मी. मी म्हटलं, तुला कोणी शिकवलं? तर म्हणाली, तुम्हीच. रोज जेवताना बोलता ना. कुठल्या गिऱ्हाइकाची भिंत कशी घासली, कोणत्या गड्यानं कुठं चूक केली, ओल असेल तर काय करायचं, कोपरा कसा काढायचा. इतकी वर्षं आमटी वाढता वाढता ऐकतेय. मापं कशानं घेतली विचारलं, तर डावानं. स्वयंपाकघरातल्या डावानं! मी आयुष्यभर मापाचे डबे वागवले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. "मी आधी विचारलं होतं, कसा झालाय. त्याचं उत्तर यायचंय अजून." आणि चाव्या कमरेला लावून आत गेली.

उत्तर द्यायला माझी ना नाही. पण एक अडचण आहे. चूक सापडली असती तर मी लगेच बोललो असतो, चूक सांगायची मला सवय आहे. चूकच नसलेल्या कामाला काय म्हणायचं असतं ते मला येत नाही, कारण असं काम मी आजवर बघितलेलं नाही. माझंसुद्धा नाही. अक्का, तुला म्हणून सांगतो, तो पिवळा सकाळी उन्हात बघ, दुपारी बघ, दिव्यात बघ, तिन्ही वेळेला तो घरातल्या माणसांना बरं वाटेल असाच दिसतो. आणि ती दाराची वरची कड. कोणाला दिसणार नाही, कोणी विचारणार नाही, तरी तिथे तिनं स्टुलावर टाचा उंचावून दोन हात दिले. इतका चांगला रंगारी माझ्या घरात जेवण वाढत होता आणि मी त्याला मीठ कमी आहे म्हणून सांगत होतो.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याला जप. दाजींना नमस्कार, आणि यंत्र आलं असेल तर तोही जरा हळू आवाजात सांग. तुला इतकं सविस्तर लिहिण्यामागे काही हेतू नाही, फक्त मन मोकळं करायचं होतं.

तुझा धाकटा, सध्या घरात असून नसल्यासारखा,
भाऊ

ता. क. हेतू आहे. बंगल्याचं काम परवापासून सुरू होतंय आणि छतासाठी तिनं शिडीला बोलावलंय. शिडी हो म्हणाला. लगेच. मला विचारलंसुद्धा नाही, ना तिनं ना त्यानं. मी दोन दिवस सकाळी ब्रश धुऊन दाराशी घुटमळतोय, ती माझ्याकडे बघून केर काढते. तू तिला दोन ओळी लिही. तुझा शब्द ती मोडत नाही. लिही की हा घासकाम बरं करतो. पॉलिश पेपर मारायला, पोपडे खरवडायला, बादल्या उचलायला, कशालाही ठेव म्हणावं. मी मधे बोलणार नाही. रंगात लुडबुड करणार नाही. मला फक्त तिथे असायचंय, तिचा हात चालताना बघायचाय.

ता. क. दुसरा. मी तुला लिहिलं हे तिला मुळीच कळू देऊ नकोस. वरचं सगळं कौतुकही तिच्या कानावर घालू नकोस. ते मी स्वतःच बोलणार आहे, एक-दोन दिवसांत.

अक्का, नमस्कार. आता अक्षर बदललं म्हणून दचकू नका, मी तुमची भावजय. पत्र पाकिटात घालून टाकायला माझ्याकडेच दिलंय, आणि आतलं वाचू नकोस असं इतक्यांदा बजावलंय की वाचणं भागच पडलं. दाराच्या कडेचं त्यांनी लिहिलंय ते दोनदा वाचलं. मग एकदा परत वाचलं. तोंडानं अजून काही बोललेले नाहीत, पण आज जेवताना मीठ कमी असून गप्प राहिले, तेव्हा समजायचं ते मी समजले. तुम्ही लिहायची तसदी घेऊ नका. परवापासून घासकामाला घेतेय त्यांना, बडबड कमी या अटीवर. एक मात्र त्यांना कळवू नका. इंच न् इंच तपासला म्हणतात, पण हॉलमधल्या लोखंडी कपाटामागे बघितलं नाही, कारण तिथेही रंग देतात हे त्यांच्या डोक्यातच नाही. तिथे मी दिलेला नाही. कपाट यायच्या आधीचे त्यांचे जुने ठिपके तिथे अजून तसेच आहेत. मी पाठ लावून ढकललं, दोरी बांधून ओढलं, रडले पण एकदा, पण ते कपाट एकट्या माणसाला हलत नाही.